कातडी वाळवणारे छप्पर: स्ट्रासबर्गच्या कालव्याकाठच्या लाकडी घराविषयी प्रश्नोत्तरे

फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील अल्सास प्रांतात स्ट्रासबर्ग शहरात शिरताना इल नदीचे अनेक फाटे होतात. या फाट्यांना बांध घालून कालवे केले गेले, त्यांवर पाणचक्क्या बसल्या आणि काठाने कोळी, चक्कीवाले व कातडी कमावणारे यांची वस्ती झाली. तिला आज पेतित फ्रान्स म्हणतात आणि शहराच्या मूळ बेटाचा भाग म्हणून ती १९८८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. या वस्तीतल्या १५७२ सालच्या ‘मेझों दे तानर’ या घराची, म्हणजे कातडी कमावणाऱ्यांच्या घराची, ओळख या सदरात करून दिली होती. लाकडी सांगाड्याचे हे घर आज उपाहारगृह म्हणून चालते आणि पर्यटकांच्या छायाचित्रांत त्याच्या खिडक्यांतली लाल फुले हमखास असतात. त्या लेखावर आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न: छायाचित्रांत या वस्तीतल्या घरांचे छप्पर भिंतींइतकेच उंच दिसते आणि त्याच्या उतारावर लांबच लांब आडवी उघडी पोकळी दिसते. इतक्या थंड प्रदेशात छप्पर उघडे ठेवण्याचे कारण काय? (ठाणे)

उत्तर: या घरांविषयी विचारावा असा पहिला प्रश्न हाच आहे, कारण त्याचे उत्तर कळले की बाकीचे घर आपोआप उलगडते. माणसे खालच्या मजल्यांवर राहत होती. छपराखालचे माळे कातड्यांसाठी होते. बाहेरून जे घर दिसते ते खरे पाहता एक कारखाना होता आणि त्यातली सर्वांत मोठी जागा कारखान्याच्या सर्वांत वेळखाऊ कामांपैकी एकाला, वाळवणीला, दिलेली होती.

काम सुरू होई ते पाण्याशी. खाटकाकडून आलेले कच्चे कातडे रक्त, माती आणि मीठ निघेपर्यंत कालव्याच्या वाहत्या पाण्यात धुवावे लागे. त्यानंतर ते चुन्याच्या निवळीत काही आठवडे भिजत पडे, म्हणजे केस सैल होत. मग गोल पाठीच्या लाकडी घोडीवर ते पसरून बोथट सुरीने एका बाजूचे केस आणि दुसऱ्या बाजूचे मांस खरवडले जाई. चुना निघून जाण्यासाठी पुन्हा पाणी. त्यापुढची पायरी खड्ड्यांतली: एक थर कातड्याचा, एक थर ओकच्या सालीच्या भरड चुऱ्याचा, असे थरावर थर रचून वर पाणी सोडायचे आणि सालीतले टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यात मुरेपर्यंत वाट पाहायची. पातळ कातड्याला काही महिने पुरत, तर बुटाच्या तळाच्या जाड कातड्याला वर्ष किंवा त्याहूनही अधिक लागे. आपल्याकडे हेच काम बाभळीची साल, तरवड आणि हिरडा यांनी होत आले आहे. रसायन तेच, झाड वेगळे. टॅनिन उतरून गेलेला सालीचा चोथाही फुकट जात नसे, त्याच्या वड्या थापून गोवऱ्यांसारख्या वाळवत आणि हिवाळ्यात जाळत.

खड्ड्यातून निघालेले कातडे शेवटी वाळवायचे असते आणि इथे वास्तूचा प्रश्न उभा राहतो. कमावलेले कातडे उन्हात टाकले तर वरचा थर आवळतो, आतला ओला राहतो आणि वस्तू कडक व ठिसूळ होते. त्याला सावली हवी, पाऊस अजिबात नको, आणि वारा मात्र सतत पण सौम्य हवा. उंच छपराखालचा, दोन्ही उतारांवर आडव्या फटी ठेवलेला माळा या तिन्ही अटी पुऱ्या करतो: पाण्यावरून येणारा वारा एका बाजूने शिरून टांगलेल्या कातड्यांमधून दुसऱ्या बाजूने निघून जातो आणि वरच्या छपराची पुढे आलेली कड पाऊस बाहेर ठेवते. छपराचा उतार पन्नास-साठ अंशांचा असल्याने त्याच्या पोटात एकावर एक दोन-तीन माळे बसतात. उभा उतार बर्फासाठी असतो असे सांगितले जाते. ते चूक नाही, चपट्या, टोकाला गोलसर कौलांवरून पाणी लवकर निथळण्यासाठीही तो लागतोच. पण या वस्तीत तरी छपराची एवढी मोठी पोकळी धंद्याने मागितली, असे माझे मत आहे. दक्षिणेकडच्या कोलमार शहरातही कातडी कमावणाऱ्यांची स्वतंत्र आळी आहे आणि तिथल्या सतराव्या-अठराव्या शतकांतल्या उंच घरांचे सर्वांत वरचे मजले याच कामासाठी उघडे ठेवलेले होते.

प्रश्न: वरचे मजले खालच्यापेक्षा पुढे आलेले असतात. जमिनीवरच्या क्षेत्रफळावर कर होता म्हणून तो चुकवायला असे बांधत, असे आमच्या सहलीच्या मार्गदर्शकाने सांगितले. हे खरे का? (पुणे)

उत्तर: युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या शहरात ही गोष्ट सांगितली जाते आणि त्यामुळेच ती मी सावधपणे घेतो. अरुंद जागेत वर दोन हात जास्त मिळवण्याचा मोह कर नसतानाही पुरेसा असतो. मात्र तो मोह प्रत्यक्षात आणायला बांधणीची पद्धत अनुकूल असावी लागते आणि ती कशी बदलली हे पाहणे अधिक उपयोगाचे.

अल्सासमध्ये जुन्या पद्धतीत जोत्यापासून छपरापर्यंत अखंड जाणारे लांब खांब उभे करत आणि मजल्यांच्या तुळया त्यांत अडकवत. अशा घराची भिंत सरळ वर जाते, तिला पुढे येता येत नाही. मध्ययुगाच्या अखेरीस दुसरी पद्धत रुळली: प्रत्येक मजल्याचा सांगाडा स्वतंत्र, एका मजल्याच्या उंचीच्या आखूड खांबांचा. खालच्या मजल्याच्या माथ्यावर आडव्या तुळया टाकायच्या, त्यांची टोके भिंतीबाहेर फूट-दीड फूट काढायची आणि त्या टोकांवर वरच्या मजल्याची भिंत उभारायची. यात लांब, सरळ आणि महाग लाकूड लागत नाही. शिवाय बाहेरच्या टोकावर भिंतीचे वजन आले की तीच तुळई खोलीच्या मध्यभागी खाली झुकायची थोडी कमी होते. आणि वरचा मजला खालच्या भिंतीवर छत्री धरतो, त्यामुळे पाऊस खालच्या सांध्यांवर कमी येतो.

नगराला मात्र हे फार आवडत नसे, कारण समोरासमोरचे मजले जवळ आले की आग गल्ली ओलांडते. १२९८ मध्ये स्ट्रासबर्गमध्ये मोठी आग लागून शेकडो घरे जळाली. सज्जा किती बाहेर काढता येईल यावर शहराने बंधन घातले आणि त्याचे माप कॅथेड्रलच्या दक्षिणेकडच्या एका आधारस्तंभावर कोरून ठेवले. ‘हे सज्ज्याचे माप’ अशा अर्थाची जुन्या जर्मन भाषेतली ओळ तिथे आहे. सुताराशी वाद झाला तर कोणीही जाऊन दोरीने माप घेऊ शकत असे. बांधकामाचे नियम इतक्या ठळकपणे सर्वांसमोर मांडलेले आपल्या महापालिकांतही क्वचितच दिसतात.

प्रश्न: दर्शनी भिंतीवर फुलीसारखे, चौकटीच्या आतल्या हिऱ्यासारखे आणि हातपाय पसरलेल्या माणसासारखे आकार दिसतात. त्यांचे धार्मिक अर्थ काय? (नागपूर)

उत्तर: खिडकीखालच्या फुलीला संत आंद्रेचा क्रूस म्हणतात, हिऱ्याच्या आकाराला सुफलतेचे चिन्ह म्हणतात, वाकड्या लाकडांच्या जोडीला मानाचे आसन म्हणतात आणि त्या पसरलेल्या आकाराला सुतार सरळ ‘मान’, म्हणजे माणूसच, म्हणत आले आहेत. यांपैकी काही अर्थ लोकांनी खरोखर मानले असतील. पण सुताराची पहिली गरज दुसरीच होती.

चार लाकडांची चौकट कितीही घट्ट ठोकली तरी बाजूने रेटा आला की ती तिरकी होते, कारण चौकोनाचे कोन बदलू शकतात. त्रिकोणाचे बदलू शकत नाहीत. म्हणून प्रत्येक भिंतीत कुठे ना कुठे तिरपे लाकूड घालून त्रिकोण तयार करावाच लागतो. ‘मान’ हा आकार म्हणजे एक खांब, त्याच्या पायापाशी दोन लांब तिरपे टेकू आणि माथ्यापाशी दोन आखूड टेकू. तो बहुधा कोपऱ्याच्या खांबाला किंवा आडव्या भिंतीच्या जोडापाशी दिसतो, म्हणजे जिथे रेटा सर्वाधिक तिथेच. खिडकीखालची लहान फुली मात्र भार फारसा घेत नाही. तिथे सुताराने हौस केली आहे आणि मालकाने तिचे पैसे मोजले आहेत. दर्शनी भिंतीवर किती जादा लाकूड वापरले यावरून घरधन्याची ऐपत कळे. त्याची कमाल पाहायची असेल तर कॅथेड्रलच्या चौकातले कामेरझेल घर पाहावे, ज्याच्या दगडी तळमजल्यावरचे १५८९ सालचे लाकडी मजले नखशिखांत कोरलेले आहेत. कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीत तसे काही नाही. माझ्या दृष्टीने तीच या वस्तीची खूण आहे.

प्रश्न: दोन लाकडांच्या मधली पांढरी भिंत कशाची असते? आमच्या राजापूरकडच्या जुन्या घरांतल्या कुडासारखी ती वाटते. (रत्नागिरी)

उत्तर: आपला अंदाज अगदी बरोबर आहे, तो कूडच आहे. आडव्या लाकडांना खाचा पाडून त्यांत ओकच्या चिरफळ्या उभ्या अडकवतात, त्यांत हेझल किंवा विलोच्या लवचिक काठ्या विणतात आणि दोन्ही बाजूंनी चिकणमाती व कापलेला पेंढा यांचा गारा दाबून बसवतात. वरून चुन्याचा पातळ गिलावा आणि चुन्याचीच सफेदी. कोकणातल्या कुडाशी फरक दोन. अल्सासमध्ये बांबू किंवा करवंदीच्या काठ्यांऐवजी वरील झाडे आहेत, आणि आपल्याकडे कूड अनेकदा आडोशाची भिंत असतो, तर तिथे तो थंडी अडवणारी बाहेरची भिंत असल्याने जाड असतो. दोन्हींकडे भार मात्र लाकूड घेते, माती नाही.

प्रश्न: वाईत आमचा सागवानी खांब-तुळयांचा वाडा आहे, भिंतीत विटा भरलेल्या आहेत. पावसाळ्यात गिलावा पडतो म्हणून सिमेंटचा गिलावा करण्याचा सल्ला मिळाला. स्ट्रासबर्गमध्ये या बाबतीत काय करतात? (वाई)

उत्तर: विसाव्या शतकात तिथेही हाच सल्ला दिला गेला आणि त्याची किंमत लाकडाने मोजली. लाकूड ऋतूनुसार फुगते आणि आक्रसते, त्यामुळे लाकूड आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढी फट पडतेच. पावसाचे पाणी त्या फटीतून आत जाणार हे गृहीत धरूनच जुनी बांधणी केलेली असते. माती आणि चुना ते पाणी शोषून पुन्हा हवेला देतात. सिमेंटचा कठीण थर पाणी आत येऊ देतो, कारण फट त्याच्याभोवतीही पडते. पण ते बाहेर जाऊ देत नाही. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांवर टिकून राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला हवे तसे वातावरण मिळते. ही कूज गिलाव्याच्या आड, कोणाला न दिसता चालते आणि सर्वांत आधी जोत्यावरची आडवी तुळई खाते, कारण सगळे पाणी शेवटी तिथे उतरते. लाकडावर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग लावला तरी परिणाम तोच.

आज जाणकार कारागीर सिमेंट काढून चुना परत आणतात, गिलावा लाकडाच्या पृष्ठभागाशी बरोबर सपाट ठेवतात, म्हणजे कुठे कठडा होऊन पाणी साचत नाही, आणि लाकडाला लागल्यास जवसाच्या तेलाचा रंग देतात. तुळईचे टोक कुजले असेल तर सबंध तुळई न काढता कुजका भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा लांब तिरप्या सांध्याने जोडतात. आपल्या वाड्यात विटा आणि साग असले तरी ओलाव्याचे गणित बदलत नाही. छपराचे पन्हळ, कौले आणि जोत्याभोवतीचा निचरा आधी पाहावा. गिलावा पडतो आहे म्हणजे पाणी कुठून तरी येत आहे. मग चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा, जो वाई-सातारा भागात अजून मिळू शकतो.

प्रश्न: पाण्याच्या इतक्या जवळ लाकडी घर उभे राहते कसे? पाया कुजत नाही का? (कोल्हापूर)

उत्तर: पाण्यात बुडालेले लाकूड शतकानुशतके टिकते, कारण बुरशीला हवा लागते. लाकडाला घातक ठरते ते कधी ओले, कधी कोरडे होणे. म्हणून या घरांचा पाण्यालगतचा भाग दगडी असतो आणि लाकूड उडणाऱ्या शिंतोड्यांच्या वर सुरू होते. मऊ जमिनीत दगडाखाली लाकडी खुंट ठोकलेले असतात, ते कायम पाण्याखाली राहतील अशा खोलीवर.

हे संतुलन बिघडले तर काय होते याचे उदाहरण याच शहरात आहे. कॅथेड्रलच्या १४२ मीटर उंच मनोऱ्याचा भार घेणारा खांब अकराव्या शतकातल्या जुन्या पायावर आणि त्याखालच्या लाकडी खुंटांवर उभा होता. एकोणिसाव्या शतकात ऱ्हाइन नदी सरळ करून बांधून काढल्यावर परिसरातली भूजलपातळी खाली गेली, खुंटांची डोकी हवेत आली आणि ती कुजली. भिंतींना तडे गेल्यावर कॅथेड्रलचे वास्तुविशारद योहान क्नाउथ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो सबंध भार तात्पुरता उचलून धरून खाली काँक्रीटचा नवा पाया घातला. काम १९२६ पर्यंत चालले. म्हणून कालव्याची पातळी बांध आणि झडपांनी स्थिर ठेवणे हे नौकानयनाइतकेच घरांसाठीही महत्त्वाचे आहे.

प्रश्न: अॅमस्टरडॅमची कालव्याकाठची घरे विटांची आहेत. ती कधी लाकडी होती का? (मुंबई)

उत्तर: होती. १४२१ आणि १४५२ च्या आगींत त्या शहराचा मोठा भाग जळाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने लाकडी भिंतींवर बंदी आली. लाकडी दर्शनी भागाची जुनी घरे आज तिथे दोनच उरली आहेत, एक बेगाइनहोफच्या आवारात आणि दुसरे झेडाइक रस्त्यावर. मात्र अनेक घरांच्या विटांच्या आत लाकडी सांगाडा टिकून राहिला, म्हणजे वीट पुष्कळदा पांघरुणासारखी आली.

प्रश्न: मी फ्रँकफर्टला राहते, स्ट्रासबर्ग फार लांब नाही. घर चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचे म्हणतात, पण त्यातले खरोखर जुने किती? आणि जाऊन नेमके काय पाहावे? (जर्मनी)

उत्तर: एवढ्या वयाच्या लाकडी घरात प्रत्येक लाकूड मूळचे असणे शक्य नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. लाकडी सांगाडा हा मुळातच सुटे करून जोडण्याजोगा असतो. अल्सासमध्ये परंपरेने असे घर जंगम मालमत्तेत धरले जाई, कारण ते खोलून दुसऱ्या गावी नेऊन उभारता येई. मुलूझजवळच्या उंगरझाइम गावी १९८४ मध्ये उघडलेल्या लोकसंग्रहालयात पाडली जाणारी अनेक खेड्यांतली घरे याच रीतीने आणून पुन्हा उभी केली आहेत. वेळ असेल तर तेही पाहावे. तिथे भिंतींचे थर जवळून दिसतात, जे शहरात कोणी दाखवत नाही.

वय ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे लाकडातल्या वार्षिक वलयांची रुंदी मोजून ती त्या प्रदेशाच्या तयार मालिकेशी ताडून पाहणे. सालीलगतचे शेवटचे वलय शिल्लक असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडले हे कळते. हे विशेष उपयोगी पडते, कारण सुतार ओले लाकूडच घडवत, वर्षानुवर्षे वाळवत ठेवत नसत. त्यामुळे झाड तोडल्याचे वर्ष आणि घर उभारल्याचे वर्ष यांत सहसा फार अंतर नसते. काही तुळया वाकलेल्या दिसतात, त्याचे एक कारण हेही आहे, त्या घरातच वाळल्या. लाकूड कुठून आले हेही विचारण्याजोगे आहे: मैदानातला ओक जवळचा, तर फरसारखे सूचिपर्णी लाकूड ऱ्हाइनपलीकडच्या जर्मनीतल्या काळ्या अरण्यातून (ब्लॅक फॉरेस्ट) किंझिग नदीवरून ओंडक्यांचे तराफे बांधून ऱ्हाइनमार्गे येई.

पेतित फ्रान्समध्ये गेल्यावर बेंजामिन झिक्स चौकात, मेझों दे तानरसमोर, आधी मान वर करून छपरे पाहावीत. तिथून ब्यँ-ओ-प्लांत गल्लीत शिरावे आणि एखाद्या खांब-तुळईच्या सांध्याजवळ, डोळ्याच्या उंचीवर, थांबावे. तुळईच्या टोकाला कोरलेले कुसू खांबाच्या खाचेत बसलेले असते आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी गेलेली असते. लोखंडी खिळा नाही. खुंटीचे भोक कुसूत मुद्दाम किंचित सरकवून पाडत, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जाई, आणि खुंटी कोरडी व भोवतालचे लाकूड ओले असल्याने पुढे ते आक्रसून तिला आणखी घट्ट धरी. त्याच सांध्याशेजारी बारकाईने पाहिले तर पटाशीने मारलेल्या उभ्या-तिरप्या रेघा दिसू शकतात, रोमन अंकांसारख्या. सुतार सबंध भिंत आधी आपल्या आवारात जमिनीवर आडवी जुळवत, प्रत्येक लाकडावर क्रमांक पाडत, मग सुटी करून गाडीने जागेवर आणत. एकाच सांध्यातल्या दोन लाकडांवर सारखाच अंक असेल तर ती जोडी पहिल्यापासून एकत्र आहे असे बहुतेक वेळा म्हणता येते. अंक जुळत नसतील, किंवा एकावर आहे आणि दुसरे कोरे आहे असे असेल, तर त्यातले एक लाकूड नंतर घातलेले किंवा दुसऱ्या घरातून आणलेले असण्याची शक्यता अधिक. रंगाचे जाड थर चढलेल्या घरांवर या खुणा बुजलेल्या असतात, म्हणून कमी सजवलेले घर निवडावे, आणि सकाळी लवकर जावे, कारण ऊन तिरपे असताना उथळ रेघा चटकन दिसतात.